आई ठेवायच्या आधी घर दोनदा बघा



वृद्धाश्रम म्हटलं की आपली मान आधी खाली जाते. लोक काय म्हणतील, हाच पहिला प्रश्न. आमच्या गटातल्या एका ताईंवर ही वेळ आली. आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ नाही, घर दोन खोल्यांचं आणि ताई दिवसभर मजुरीला. शेवटी तालुक्याजवळचा पंधरा-वीस खाटांचा एक आश्रम बघायचं ठरलं. आम्ही तिघी सोबत गेलो. आधी फोन केला होता, रविवारी दुपारी पोचलो. फरशी लख्ख, भिंतीवर देवांचे फोटो, आम्हाला चहा-बिस्किटं. समाधानाने परत आलो.

तेव्हा गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, लेक द्यायची तर आपण घर दोनदा बघतो. आई ठेवायची तर एकदाच का?"

मग आम्ही न सांगता गेलो, संध्याकाळी सातला. सगळ्या म्हाताऱ्या माणसांना मिळून एकच बाई, आणि तीच स्वयंपाकाला. एक आजी "मला मोरीत न्या गं" म्हणून हाका मारत होत्या. अर्धा तास कुणी आलं नाही. शेवटी आम्हीच त्यांना उठवून नेलं. ताईंनी आईला तिथे ठेवलं नाही. पुढे दुसरी जागा मिळाली, पत्र्याची, साधी. पण तिथे हाकेला माणूस येत होतं.

तेव्हापासून असं घर बघायला जाताना काय बघायचं, ते आम्ही ठरवून घेतलं आहे.

आधी माणसं मोजायची. रात्री जागं कोण असतं? कामाची बाई रजेवर गेली तर तिच्या जागी कोण येतं? लहान आश्रमात सगळ्यांना एकमेकांची नावं माहीत असतात, हे चांगलं. पण एक माणूस कमी झालं की सगळं अडतं.

मग तिथल्या आजी-आजोबांकडे बघायचं. नखं कापलेली आहेत का? चष्मा डोळ्यावर आहे की कपाटात? पाण्याचा पेला हाताला येतो का? म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी कुणीतरी आठवणीने द्यावं लागतं. फिनेलचा उग्र वास आला म्हणजे स्वच्छता आहे असं नाही. लघवीचा वास लपवायलाही फिनेल वापरतात.

अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर कमरेखाली, टाचेला, खुब्यावर जखमा होतात. सुरुवातीला लालसर किंवा काळपट डाग दिसतो, दाबला तरी रंग बदलत नाही. "कुशी बदलल्याची नोंद कुठे करता?" असं विचारायचं. वही दाखवली तर उत्तम. प्रश्नच कळला नाही, तर आपण काय ते समजायचं.

औषधं प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात हवीत. दिवसाउजेडी सगळेच गुंगीत दिसले, तर झोपेची गोळी कोणत्या डॉक्टरांनी दिली ते विचारायचं. संडासात धरायला दांडी हवी, फरशी कोरडी हवी, रात्री दिवा हवा. म्हातारपणी पडून खुबा मोडला, तर माणूस पुन्हा उभं राहणं अवघड होतं.

आजींना "बरं आहे ना?" असं विचारू नका. व्यवस्थापक शेजारी उभे असतील तर त्या "बरं आहे" असंच म्हणणार. "काल रात्री काय जेवलात? रात्री उठावं लागलं तर कोण येतं?" असं विचारा. आणि कामाची माणसं त्यांना काय म्हणून हाक मारतात, ते ऐका. आजी म्हणतात की "ए म्हातारे"?

पैशांचं सगळं लिहून घ्या. अनामत किती, ती परत कधी मिळणार, डायपर-औषधांचे वेगळे किती, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खर्च कुणाचा. पावती घ्याच. जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर आईचा अंगठा कुणालाही देऊ नका. भेटायला कधीही येता येईल का, हेही विचारा. "आधी कळवूनच या" म्हणणाऱ्यांपासून सावध.

कायदाही माहीत असू द्या. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला. मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या, म्हणजे प्रांतांकडच्या, न्यायाधिकरणात निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो. ही जबाबदारी लेकीवरही आहे. ज्येष्ठांना त्रास होत असेल, सल्ला हवा असेल, तर 14567 हा मोफत क्रमांक आहे.

शेवटचं. आईला ठेवून आलो म्हणजे आपलं काम संपलं नाही. ज्या आजीकडे कुणी येतं, तिच्याकडे तिथली माणसंही नीट लक्ष देतात. आमच्या ताईंना दर आठवड्याला जाणं जमत नाही, एसटीचं भाडं आणि रोज दोन्ही बुडतं. म्हणून गटाने पाळी लावली आहे. दर रविवारी आमच्यातली एक जाते, वेळ बदलून, न सांगता. जाताना आजींना आवडतो म्हणून मऊ भात आणि मेथीचं वरण नेते, आणि येताना त्यांच्या टाचा बघून येते.