आरंभ गुरुजींचा, शेवट मुलांचा

शालेय परीक्षेत ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न ज्यांनी सोडविला आहे, त्यांना तहानलेला कावळा, तळाला गेलेले पाणी, खडे आणि अखेरीस तात्पर्य ही मुद्द्यांची रांग आठवत असेल. गोष्ट मुलाच्या हाती येण्यापूर्वीच तिचा निकाल लागलेला असे, आणि त्याने केवळ मधली क्रियापदे भरावयाची असत. इंटरनेटवर आज सहज मिळणारी गोष्टींची आरंभवाक्ये नेमकी उलट तजवीज करतात: आरंभ देतात आणि शेवट मुलाच्या स्वाधीन करतात.

काही संकेतस्थळांवर बटण दाबताच एक पात्र, एक स्थळ आणि एक अडचण एकत्र येतात. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वर मुक्त परवान्याची चित्रे आहेत, त्यांवर कोणालाही मराठीत नवी गोष्ट रचता येते. यामागचे तत्त्व इटालियन बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात विशद केले आहे: ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ असे परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी आले, की त्यांची सांगड घालण्यासाठी मनाला गोष्ट रचावीच लागते.

परंतु यंत्राने दिलेला आरंभ जसाच्या तसा फळ्यावर उतरविणे मला मंजूर नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या ओढीने भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मूल घरी मराठी, शाळेत हिंदी आणि गल्लीत छत्तीसगढी ऐकत वाढते. त्याला बर्फाचा किल्ला देण्यापेक्षा ‘रात्रपाळीहून परतलेल्या बाबांच्या डब्यात काहीतरी हलत होते’ हे वाक्य द्यावे, आणि पुढचे त्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्यावे.

आरंभाचा उत्तम नमुना याच छत्तीसगढ प्रांतात आहे. मराठी कुटुंबात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, आणि पुढच्याच वर्षी त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा आली, जी हिंदीतील आद्य कथांमध्ये गणली जाते. जमीनदाराने जिची झोपडी बळकावली ती विधवा तेथील टोपलीभर माती मागते, आणि टोपली उचलण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. वर्गात गोष्ट येथेच थांबवावी. टोपली उचलली जाईल काय, हे तीस मुले तीस प्रकारे ठरवतील. सप्र्यांचा शेवट त्यानंतर वाचून दाखवावा, तोवर नव्हे.

मात्र आरंभ दिला म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांनी महाभारताच्या कथा गाऊन सांगणारी पंडवानी एकदा लक्षपूर्वक पाहावी. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई हाती तंबुरा घेऊन भीमाचा प्रसंग रंगवीत असत, तेव्हा शेजारी बसलेला साथीदार, म्हणजे रागी, हुंकार देई, मध्येच प्रश्न विचारी, आणि त्या प्रश्नाच्या आधाराने कथा पुढे सरके. दोन ओळी लिहून अडलेल्या मुलाजवळ गुरुजींनी असेच बसावे. ऱ्हस्वदीर्घाची लाल शाई बाजूस ठेवून ‘मग डबा आधी कोणी उघडला?’ एवढेच विचारावे आणि उत्तर वहीत उतरेपर्यंत थांबावे. शुद्धलेखनाची तपासणी दुसऱ्या वाचनाच्या वेळी, गोष्ट पुरी झाल्यावर, खुशाल करावी.