दोन फटक्यांमधला वेळ

दिल्लीच्या दक्षिण भागातील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली जुनी वसाहत आहे. स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे तिचे नाव शहरभर परिचित झाले. गोल्फ या खेळाशी मात्र ते सहसा कोणी जोडणार नाही. तरीही या वसाहतीपासून काही किलोमीटरांच्या परिसरात गोल्फची दोन नामांकित मैदाने आहेत. ईशान्येस झाकिर हुसेन मार्गावर दिल्ली गोल्फ क्लब आहे. जुन्या मकबऱ्यांच्या आणि दाट झुडुपांच्या मधून गेलेले ते मैदान १९३०च्या दशकात आकारास आले, आणि त्याचे सभासदत्व मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे वाट पाहतात. दक्षिणेस, अरविंद मार्गाने कुतुबमिनाराच्या दिशेने गेल्यास, लाडो सराय येथे दिल्ली विकास प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ मैदान लागते. तेथे सभासद नसलेल्यालाही शुल्क भरून खेळता येते.

या दुसऱ्या मैदानावर रविवारी सकाळी एखादा नवशिका कसा खेळतो ते पाहण्यासारखे असते. आधी तो सरावाच्या जागी उभा राहून टोपलीभर चेंडू मारतो. दहापैकी सात-आठ चेंडू सरळ जातात. मग तो प्रत्यक्ष खेळाला आरंभ करतो आणि पहिलाच चेंडू उजवीकडच्या झाडीत नाहीसा होतो. काठी तीच, चेंडू तसाच, हातही तेच. अर्ध्या तासात त्याचे कौशल्य लोपले असे म्हणता येणार नाही. बदल झाला तो एवढाच, की आता फटका मोजला जाणार आहे आणि मागे चार माणसे उभी आहेत. गोल्फमधील मानसिक कौशल्यांचे शिक्षण ज्या प्रश्नातून निर्माण झाले, तो प्रश्न हाच.

या खेळाची रचना ध्यानात घेतली की प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. अठरा होलांचा एक डाव पुरा होण्यास चार तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. उत्तम खेळाडू त्यात सत्तरच्या आसपास फटके मारतो. काठी मागे नेण्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा अवधी दोन सेकंदांपेक्षाही कमी असतो. म्हणजे चार तासांत प्रत्यक्ष खेळणे जेमतेम दोन-अडीच मिनिटे होते. उरलेला सगळा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि विचार करण्यात जातो. क्रिकेटच्या फलंदाजाला वेगवान गोलंदाजाचा चेंडू अर्ध्या सेकंदात खेळावा लागतो; भिण्यालासुद्धा त्याला सवड नसते. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निमूट पडून खेळाडूची वाट पाहतो. मागच्या चुकीची खंत आणि पुढच्या चुकीची धास्ती या दोहोंसाठी या खेळाने भरपूर वेळ राखून ठेवला आहे.

२०१५च्या फेब्रुवारीत दिल्ली गोल्फ क्लबवर झालेल्या इंडियन ओपन स्पर्धेत याचा प्रत्यय आला. कोलकात्याचा एस. एस. पी. चौरसिया हा त्या स्पर्धेत पहिल्यापासून आघाडीवर होता. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचा हा मुलगा. औपचारिक शिक्षणाशिवाय, बघून बघून तो खेळ शिकला. आपल्या देशाची ही स्पर्धा जिंकण्याची त्याची इच्छा जुनी होती. २०१३मध्ये याच मैदानावर बांगलादेशच्या सिद्दिकुर रहमानने त्याला अवघ्या एका फटक्याने मागे टाकले होते. २०१५मध्ये तीन दिवसांच्या खेळानंतर त्याचे २०१ फटके झाले होते. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०८ फटक्यांवर, म्हणजे सात फटके मागे होता. शेवटच्या दिवशी चौरसियाला ७६ फटके लागले, लाहिरीला ६९. दोघांची बेरीज २७७ झाली. बरोबरी फोडण्यासाठी खेळवलेल्या पहिल्याच जादा होलवर लाहिरी जिंकला.

चौरसियाच्या मनात त्या दिवशी काय चालले होते, हे गुणपत्रिका सांगत नाही. दिल्लीच्या अरुंद मैदानावर चेंडू जरासा चुकला तरी झुडुपांत जातो, हेही विसरू नये. परंतु मोठी आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी कोसळणे ही या खेळातील एवढी परिचित घटना आहे, की ती केवळ दुर्दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही. १९९६च्या मास्टर्स स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि पाच फटक्यांनी हरला. तो त्या काळातील जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू मानला जात होता.

असे का होते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांच्या द्वारे घेतला आहे. १९९२ साली इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी नवशिक्यांना पटिंग शिकवले. पटिंग म्हणजे ग्रीनवरच्या कातरलेल्या हिरवळीवरून चेंडू हलकेच घरंगळत नेऊन खळग्यात पाडणे. एका गटाला फटक्याचे नियम तपशीलवार सांगितले. दुसऱ्या गटाला नियम सांगितले नाहीत; उलट सराव करताना तोंडाने वाटेल ती अक्षरे उच्चारत राहण्यास लावले, म्हणजे स्वतःचे नियम रचण्यासही मन मोकळे राहू नये. पुढे पैसे आणि परीक्षण यांचा ताण आणला तेव्हा नियम जाणणाऱ्यांची प्रगती खुंटली. दुसऱ्या गटाची चालूच राहिली. अमेरिकेत शॉन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. लवकर फटका मारा असे सांगितल्यावर नवशिके बिघडले, पण कसलेले खेळाडू अधिक अचूक झाले. विचार करण्यास वेळ मिळाला नाही, हेच त्यांच्या पथ्यावर पडले.

हे समजण्यास गोल्फ खेळण्याची गरज नाही. बँकेतला कारकून आपली सही निरखून पाहू लागला की रोजची सही वाकडी येते. जिना उतरताना कोणता पाय केव्हा टाकायचा याचा विचार करणारा हमखास अडखळतो. पुष्कळ सरावाने जे काम शरीराच्या स्वाधीन झालेले असते, ते ताणाच्या क्षणी मन परत आपल्या हाती घेऊ पाहते, आणि मनाला ते काम येत नसते.

म्हणूनच ‘मन खंबीर ठेव’ हा उपदेश जितका सोपा तितकाच निरुपयोगी आहे. ‘पाण्यात मारू नकोस’ हा तर त्याहून घातक. डॅनिएल वेग्नर यांच्या १९९८च्या प्रयोगात, चेंडू खळग्याच्या पुढे जाऊ देऊ नका असे बजावून वर डोक्यावर दुसरे एखादे ओझे दिले, तेव्हा चेंडू नेमका पुढे जाण्याचे प्रमाण वाढले. काय करू नये हे लक्षात ठेवायचे तर ते आधी डोळ्यांसमोर आणावे लागते. जाणता शिक्षक यासाठी निषेध टाळतो आणि मनाला एक लहान, निश्चित, करता येण्याजोगे काम देतो.

या कामांची एक ठरलेली मालिका असते. प्रत्येक खेळाडूची मालिका वेगळी, पण त्या खेळाडूपुरती ती कधी बदलत नाही. तो चेंडूच्या मागे उभा राहतो. वारा, अंतर, चढउतार पाहून काठी निवडतो. सगळा हिशेब येथेच संपवायचा असतो. मग तो एक छोटे लक्ष्य ठरवतो. ‘मैदानाची डावी बाजू’ असे ढोबळ लक्ष्य नव्हे, तर त्या बाजूच्या एका झाडाची एक फांदी. जॅक निकलॉसने लिहून ठेवले आहे की, चेंडू कसा उडेल, कोठे पडेल याचे चित्र चित्रपटासारखे मनात पाहिल्यावाचून त्याने सरावातही फटका मारला नाही. चित्र पाहून झाले की एक दीर्घ श्वास, चेंडूपाशी जाणे, लक्ष्याकडे एक-दोन वेळा नजर, आणि फटका. चेंडूपाशी उभे राहिल्यावर शंका आली तर मागे यावे आणि पहिल्यापासून आरंभ करावा, असा दंडक असतो. नवशिक्याला याची लाज वाटते. ही लाज घालवणे हेच कित्येकदा शिक्षकाचे पहिले काम ठरते.

पटिंगच्या वेळी डोळ्यांनाही काम असते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२मध्ये खेळाडूंच्या नजरेचे मोजमाप केले. निष्णात खेळाडूची नजर फटक्यापूर्वी चेंडूवरील एका बिंदूवर सुमारे दोन सेकंद स्थिर राहते आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागी असते. नवशिक्याची नजर खळगा, काठी, चेंडू अशी भिरभिरत राहते. त्याचप्रमाणे हातांकडे लक्ष देण्यापेक्षा काठीच्या झोक्याकडे लक्ष दिल्याने फटका सुधारतो, असे गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९९च्या अभ्यासात आढळले. लक्ष शरीरातून बाहेर काढून साधनावर किंवा लक्ष्यावर ठेवावे, हा त्याचा इत्यर्थ.

फटका मारून झाल्यावर उरतो तो चालण्याचा वेळ. येथे मन सैल सोडायचे असते. चार तास एकाग्र राहण्याचा प्रयत्न करणारा पंधराव्या होलपर्यंत थकून जातो. कॅडीशी गप्पा माराव्या, दिल्ली क्लबवरचे मोर पाहावे, काहीही करावे, मात्र गेलेल्या फटक्याचा पंचनामा करू नये. त्यासाठी अपेक्षा वास्तव असावी लागते. आठ फुटांवरून खळग्यात चेंडू पाडणे प्रेक्षकांना सोपे वाटते. जगातील उत्तम व्यावसायिक खेळाडूंनाही ते साधारण निम्म्याच वेळा साधते. ही गोष्ट ज्याला माहीत आहे, तो चुकलेल्या चेंडूसाठी स्वतःला शिव्या देत नाही.

भारतात या विद्येचा विचार झाला तो मुख्यतः नेमबाजीच्या निमित्ताने, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले नाशिकचे भीष्मराज बाम यांनी योगशास्त्राच्या आधारे नेमबाजांना, क्रिकेटपटूंना आणि इतरही खेळाडूंना अनेक वर्षे मार्गदर्शन केले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. नेमबाजी आणि गोल्फ यांत साम्य उघड आहे: लक्ष्य हलत नाही, प्रतिस्पर्धी स्पर्श करत नाही, हलते ते फक्त खेळणाऱ्याचे मन. पतंजलींनी चित्त आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. खेळाडूच्या भाषेत पहिल्याचा अर्थ सराव. दुसऱ्याचा अर्थ, फटका सुटल्यावर त्याच्या फळावरचा हक्क सोडणे. पहिले सर्वांना पटते. दुसरे पटले तरी अंगी उतरत नाही.

लाहिरी हा विपश्यनेचा साधक आहे आणि त्याविषयी तो जाहीरपणे बोललेला आहे. इगतपुरीच्या केंद्रामुळे ही साधना मराठी वाचकांच्या परिचयाची आहे: श्वासाकडे आणि शरीरातील संवेदनांकडे, त्या बदलण्याचा यत्न न करता, पाहत राहायचे. धडधडणारे काळीज शांत करण्यापेक्षा ‘धडधडते आहे’ एवढे जाणून फटका मारणे अधिक शक्य असते, हे यातून कळते. मात्र २०१५चा विजय ध्यानामुळेच मिळाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच लाहिरीला पुढच्या वर्षी, त्याच मैदानावर, दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

त्या वर्षी, २०१६च्या मार्चमध्ये, जिंकला तो चौरसिया. त्याने २७३ फटक्यांत स्पर्धा संपवली आणि लाहिरी व कोरियाचा वांग जुंग-हुन यांना दोन फटक्यांनी मागे ठेवले. २०१७मध्ये गुरगावच्या मैदानावर त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्याच्याआधी, १९९१ साली, दिल्ली क्लबवरच अली शेर याने इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू होण्याचा मान मिळवला होता. तो पूर्वी कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहत होता. अशा माणसांनी मानसशास्त्राची पुस्तके वाचली नव्हती. पण त्या कामात शेकडो खेळाडूंना सावरताना आणि कोसळताना दोन पावलांवरून पाहायला मिळते. या शिक्षणाची नोंद कोठेच होत नाही, हे खेदाचे आहे.

मानसिक शिक्षणाला मर्यादाही आहेत. ज्याचा फटकाच कच्चा आहे त्याला चित्र पाहून तो येणार नाही. पटिंग करताना मनगट अचानक झटका देते, त्या व्याधीला इंग्रजीत ‘यिप्स’ म्हणतात. ती काहींच्या बाबतीत भीतीमुळे, तर काहींच्या बाबतीत मज्जासंस्थेतील दोषामुळे उद्भवते. अशा खेळाडूला केवळ धीर देणे हा त्याच्यावर अन्याय होय.

शिक्षणाचा आरंभ करण्यास मैदानाचीही आवश्यकता नाही. सरोजिनी नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजी अंथरून, सहा फुटांवर स्टीलचा पेला आडवा ठेवून तो करता येतो. नियम एकच: लागोपाठ दहा चेंडू पेल्यात गेले पाहिजेत, एक चुकला की मोजणी पुन्हा एकपासून. पहिले पाच-सहा सहज जातात. आठव्याला स्वयंपाकघरातले बोलणे ऐकू येऊ लागते. नऊ झाले की हाताला काठी जड लागते आणि दहाव्या चेंडूपाशी माणूस नेहमीपेक्षा अधिक वेळ उभा राहतो. येथे त्याने मागे यावे, श्वास घ्यावा, पेल्याच्या काठावरचा एक ठिपका निवडावा आणि पहिल्या चेंडूला जितका वेळ लावला होता तितकाच वेळ दहाव्याला लावावा. बहुतेकांचा दहावा चेंडू पहिल्या आठवड्यात चुकतो.