पाणबुड्याची विद्या

दहाबारा वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां शाळेंत शिकवीत होतों. एके दिवशीं सायंकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील मुलाला घेऊन घरीं आले. मुलानें यंत्रशास्त्राची पदविका घेतली होती, वेल्डिंगच्या कामांत त्याचा हात बसला होता, आणि आतां तो समुद्रांतील तेलविहिरींवर पाणबुड्या होऊं म्हणत होता. "गुरुजी, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा," असें वडील म्हणाले. आम्हीं सांगितले. बुडी मारण्यास अंगीं बळ लागत असेल, परंतु त्यांत विद्या ती कोणती, असें आम्हीं त्याला विचारलें. त्यानें नमस्कार केला, आणि उत्तर न देतांच तो गेला. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला तेव्हां तें उत्तर आम्हांस मिळालें. तें वाचकांपुढें ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर, भर समुद्रांत, 'मुंबई हाय' हें तेलक्षेत्र आहे. तें १९७४ सालीं सांपडलें. तेथें पाण्याची खोली सुमारें ७५ मीटर. तेल काढण्याचे मंच लोखंडी पायांवर उभे आहेत, आणि तळावरून नळ गेले आहेत. पायांचे सांधे तपासणें, गंजलेला भाग कापणें, नळांचे बोल्ट आवळणें, हीं कामें कोणी तरी खालीं जाऊन करावयाचीं असतात. पाणी गढूळ असलें म्हणजे तेथें बोटांनींच पाहावें लागतें. शिवाय पाण्यांत मनुष्यास वजन नसल्यासारखें होतें; पाना फिरवूं गेलें तर बोल्ट जागच्या जागीं राहतो, आणि मनुष्यच फिरतो! म्हणून आधीं स्वतःस कोठें तरी घट्ट अडकवून घ्यावें लागतें. बुडी ही केवळ कामावर जाण्याची वाट. काम तेथें पोंचल्यावर सुरू होतें.

पाणबुड्या म्हणजे दम कोंडून धरणारा; ज्याला कुंभक साधला तो त्यांत श्रेष्ठ, अशी आमची समजूत होती. विद्यार्थी हंसून म्हणाला, "गुरुजी, आमचा पहिला नियम नेमका उलटा. श्वास कधींही कोंडावयाचा नाहीं." कारण असें कीं, दर दहा मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. खालीं घेतलेला वायु वर येतांना फुगतो, आणि श्वास कोंडून वर येणाऱ्याचें फुप्फुस फाटूं शकतें. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दाबाखालीं घेतलेला वायु रक्तांत विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडली म्हणजे जसे बुडबुडे उसळतात, तसेच ते घाईनें वर येणाऱ्याच्या रक्तांत उठतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगीं प्राणही जातो. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर ह्यांनीं १८७८ सालीं ह्या बुडबुड्यांचें मर्म विशद केलें. पुढें जे. एस. हॉल्डेन ह्यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक होतें, बाहेर पडणें ठाऊक नव्हतें. पाणबुड्याची विद्या ह्या उत्तरार्धांत आहे.

इतक्या खोलीवर रोज जाऊन रोज सावकाश वर येणें परवडत नाहीं. परंतु शरीरांत वायु एका मर्यादेपर्यंत मुरला म्हणजे अधिक मुरत नाहीं; मग एक दिवस राहा कीं वीस दिवस राहा, वर येण्यास वेळ तितकाच लागतो. म्हणून हे पाणबुडे जहाजावरील लोखंडी कोठडींतच, समुद्राच्या त्या खोलीइतक्या दाबाखालीं, पुष्कळदां २८ दिवसांपर्यंत राहतात. जेवण दुहेरी दारांच्या लहानशा खणांतून आंत येतें. अधिक दाबाखालीं हवेंतील नत्रवायु मद्याप्रमाणें बुद्धीस भ्रम आणतो, म्हणून त्याच्या जागीं हेलियम वापरतात. हेलियमनें आवाज बदकासारखा चिरका होतो, आणि अंगांतील ऊबही निघून जाते; ह्यास्तव पोशाखांतून ऊन पाणी खेळवितात. कामाच्या वेळीं तशाच दाबाच्या बंद पेटींतून त्यांस खालीं सोडतात. श्वासाचा वायु, ऊन पाणी, उजेड व बोलण्याची तार हीं सारीं एकाच जाड वेटोळ्यांतून येतात. त्यास नाळ म्हणणेंच योग्य.

"आणि घरीं कांहीं घडलें तर?" असें आम्हीं सहज विचारलें, आणि लगेच ओशाळलों. तीन वर्षांपूर्वीं त्याचे वडील हृदयविकारानें गेले, तेव्हां थोरला मुलगा जवळ नव्हता, हें आम्हीं ऐकलें होतें. मनांतल्या मनांत त्याला दोषही दिला होता. तो शांतपणें म्हणाला, "मी कोठडींत होतों, गुरुजी. बाहेरचें डेक हातभर अंतरावर होतें. पण दाब उतरावयास चार दिवस लागले." अमेरिकेंतील धाकटा भाऊ दीड दिवसांत येऊन पोंचला. अग्नि त्यानें दिला. थोरला पांचव्या दिवशीं घरीं आला.

"थोडी घाई करा, असें म्हणाला नाहींस?"

"म्हणालों असतों, तर आईला एकाच आठवड्यांत दोन..." त्यानें वाक्य पुरें केलें नाहीं. चार दिवस तो भिंतीवरील दाबाचा काटा पाहत बसला होता.

आम्हीं सारा जन्म मुलांस धीर धरण्याविषयीं निबंध लिहावयास दिले. धीर म्हणजे काय, हें आम्हांस त्या संध्याकाळीं समजलें.

आपला मुलगा ह्या वाटेनें जाऊं म्हणेल, तर पालकांनीं त्याचें बळ पाहण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. हातांत एखादें कसब आहे काय? अंग दुखत असतां तो खरें सांगतो काय? कारण तेथें लपविलेली लहानशी कळ जिवावर बेतते. आणि दार हातभर अंतरावर असतां त्याला थांबतां येतें काय? हीं तिन्हीं ज्याच्या अंगीं आहेत, त्याला विद्या कोणती असें विचारूं नये. आम्हीं एकदां विचारलें होतें. तो प्रश्न आम्ही येथें परत घेतों.