लिस्बनला बसून पुण्याची नोकरी : नफा किती, तोटा किती?

मागच्या ईदला आमच्या घरी दस्तरखानावर एक नवीन शब्द ऐकायला मिळाला : 'डिजिटल नोमॅड'. सांगणारा आमच्या बहिणीचा मुलगा. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षांपासून आहे, पगार महिना एक लाख दहा हजार. त्याचे म्हणणे असे की, काम सगळे लॅपटॉपवर आहे तर मग पुण्यातच कशाला बसायचे? पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे खोली घ्यायची, तिथून पुण्याचे काम करायचे, संध्याकाळी नदीकाठी फिरायचे. एजंटही गाठून ठेवला होता. एजंट चार लाख मागत होता आणि बहीण ढाणकीतला प्लॉट विकायला निघाली होती. "मामू, तुम्ही व्यापारी माणूस आहात, हिशेब करून सांगा," असे तो म्हणाला.

हिशेब करायला आम्हाला दोन महिने लागले. नियमांचे कागद मागवले, नांदेडच्या एका सीएकडे दोन वेळा बसलो. नंतर कळले की उमरखेड, पुसद, हिमायतनगर इकडची बरीच मुले हीच चौकशी करीत आहेत. म्हणून जे समजले ते वाचकांसमोर ठेवतो.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. आमच्या धंद्यात 'बाजार करणे' म्हणतात. दुकान एका गावात, पण आठवड्याचे चार दिवस गाठोडी गाडीत टाकून आज या गावचा बाजार, उद्या पैनगंगेपलीकडचा. घर एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे. डिजिटल नोमॅडचे उलटे आहे. गिऱ्हाईक आणि मालक आहेत तिथेच राहतात, माणूस आपली बैठक हलवीत जातो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हाच मुलगा सात महिने आमच्या दुकानाच्या माळ्यावर साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून पुण्याचे काम करीत होता. वीज गेली की बॅटरी, रेंज गेली की गच्ची. कंपनीचे काही अडले नाही. जगभर असेच झाले आणि मग सरकारांच्या लक्षात आले की अशा माणसांना आपल्या देशात बोलावले तर ते आपल्या लोकांची नोकरी घेत नाहीत, उलट बाहेरचा पैसा आणून इथे खर्च करतात. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये असा खास व्हिसा काढला, क्रोएशियाने २०२१ मध्ये, पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ मध्ये, स्पेनने २०२३ मध्ये. पोर्तुगालच्या व्हिसाला डी-८ म्हणतात.

आता मुद्द्याची गोष्ट. डी-८ ची मुख्य अट कमाईची आहे. पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट महिन्याची कमाई हवी, आणि ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढून कागदावर दाखवावी लागते. २०२५ मध्ये तिथले किमान वेतन महिना ८७० युरो होते, म्हणजे अट झाली ३,४८० युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साडेतीन लाख रुपये महिना. किमान वेतन तिथे दर वर्षी वाढते, त्याबरोबर अटही वाढते. याशिवाय बँकेत काही महिन्यांची शिल्लक, राहण्याच्या जागेचा पुरावा, आरोग्य विमा, पोलिसांचा दाखला, आणि मालकाचे पत्र की हा माणूस पोर्तुगालमधून काम करू शकतो.

आमच्या भाच्याचा पगार एक लाख दहा हजार. म्हणजे अटीच्या तिसऱ्या हिश्शालाही पोहोचत नाही. मग एजंट चार लाख कशाचे घेत होता? हे विचारल्यावर उत्तर आले की, "आधी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर कागद होऊन जातात."

वाचकांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एके काळी पोर्तुगालमध्ये असा रस्ता खरोखर होता. तिथे जाऊन काम धरायचे, तिथल्या खात्यात पैसे भरायचे आणि राहण्याचा अर्ज करायचा. आपल्या उपखंडातले हजारो लोक त्या रस्त्याने तिथे रीतसर झाले. परंतु जून २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तो रस्ता नवीन माणसांसाठी बंद केला. आता टुरिस्ट म्हणून गेलेल्या माणसाला १८० दिवसांत ९० दिवस राहता येते आणि नंतर परत यावे लागते. न आल्यास तो बेकायदा. पुढे त्याचा पासपोर्ट कुठल्याही वकिलातीत गेला तरी ती गोष्ट निघते. एजंट मात्र जुने गाणे अजून गातात, कारण चार लाख आधी घेतलेले असतात. आम्ही स्वतः तरुणपणी आखाती देशासाठी एका एजंटाला पैसे देऊन बसलो होतो, त्यातला अर्धा पैसाही परत आला नाही. म्हणून हा विषय आम्हाला लवकर समजतो.

ज्याची कमाई अटीइतकी आहे, त्याने जावे काय? इथे दोन्ही बाजू आहेत.

चांगली बाजू आधी. लिस्बन हे टॅगस नदीच्या मुखावरचे, टेकड्यांवर वसलेले शहर आहे. थंडी युरोपच्या मानाने सौम्य, बर्फ जवळपास नाहीच. शहराच्या आतल्या बस, ट्राम, मेट्रोचा महिन्याचा पास २०१९ पासून ३० युरो, आणि आसपासची गावे धरून ४० युरो. रात्री उशिरा माणूस पायी घरी येतो. इंग्रजी बरेच लोक समजतात. अमेरिकेचे गिऱ्हाईक असलेल्या माणसाला तर ही जागा फारच सोयीची. न्यूयॉर्कमध्ये सकाळी नऊ वाजतात तेव्हा लिस्बनला दुपारचे दोन असतात. इथे भारतात त्या वेळी संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात होतात आणि मुले रात्री दोनपर्यंत जागून डोळे खराब करून घेतात. तिथे तेच काम रात्री नऊ-दहाला संपते.

परके वाटू नये अशाही काही गोष्टी आहेत. मोझांबिक पोर्तुगालच्या ताब्यात होते तेव्हा दीव आणि गुजरातकडचे अनेक हिंदू-मुस्लिम व्यापारी तिथे धंदा करीत होते. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले, त्या सुमारास ही कुटुंबे लिस्बनला आली. मार्तिम मोनीझ नावाच्या भागात त्यांची ठोक दुकाने उभी राहिली, त्यात कपड्याची बरीच. आता त्याच भागात बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी दुकानदार आहेत. डाळ, मसाला, हलाल मटण सगळे मिळते. शहराची मोठी मशीद १९८५ मध्ये उघडली. आणि कापडवाल्यांसाठी एक गंमत सांगतो : छापील सुती कापडाला पोर्तुगीज माणूस आजही 'शीता' म्हणतो. तो आपलाच 'चीट' आहे! आमचे वडील चिटाचे ठाण म्हणत, तोच शब्द जहाजात बसून लिस्बनला जाऊन राहिला आहे.

आता दुसरी बाजू. वर वेळेचा जो फायदा सांगितला, तो भारतीय कंपनीत काम करणाऱ्याला उलटा बसतो. पुण्यात सकाळी दहाची मीटिंग म्हणजे लिस्बनला हिवाळ्यात पहाटेचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच. दररोज. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो प्रथमच गप्प बसला, कारण ढाणकीत असताना सकाळी नऊला उठवायला त्याच्या आईला तीन हाका माराव्या लागत.

घरभाडे हा सर्वांत मोठा खर्च. बाहेरचे पैसेवाले लोक आणि पर्यटक यांच्यामुळे लिस्बनची भाडी गेल्या दहा वर्षांत इतकी वाढली की तिथलेच कामगार शहराबाहेर ढकलले गेले. ज्या देशात २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, तिथे राजधानीच्या मध्यभागी एका बेडरूमच्या घराला हजार-बाराशे युरोही पुरत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये लिस्बनसह अनेक शहरांत घरांसाठी मोठे मोर्चे निघाले. बार्सिलोनामध्ये २०२४ साली पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. तिथल्या लोकांचा राग आम्हाला चुकीचा वाटत नाही. उद्या पुण्या-मुंबईचे शंभर लोक साडेतीन लाखांच्या पगारावर ढाणकीत येऊन राहिले तर बाजारपेठेतल्या घराचे भाडे कुठे जाईल? दुकानदार खूश होतील, भाडेकरू रडतील. शिवाय नवीन माणसाला घरमालक दोन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ मागतो आणि तिथला जामीनदार मागतो. जामीनदार नसेल तर आणखी आगाऊ.

सरकारी दप्तराचा अनुभव तर आपल्यासारखाच म्हणावा. परदेशी लोकांचे जुने खाते ऑक्टोबर २०२३ मध्ये मोडून 'आयमा' नावाचे नवीन खाते केले, त्याला पहिल्याच दिवशी साडेतीन लाखांच्या आसपास प्रलंबित प्रकरणे वारसात मिळाली. माणूस व्हिसा घेऊन पोहोचला तरी राहण्याचे कार्ड हातात पडेपर्यंत महिनोन्महिने जाऊ शकतात. तोपर्यंत बाहेर जाऊन परत येण्याची पंचाईत. घरी कुणी आजारी पडले तर?

करांचा विषय सीएनी आम्हाला कागदावर आकृती काढून समजावला. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त पोर्तुगालमध्ये राहिले की साधारणपणे कर तिथे लागतो, आणि कमाई वाढेल तसा दर चढत ४८ टक्क्यांपर्यंत जातो. पूर्वी परदेशी लोकांना दहा वर्षांची मोठी सवलत होती, त्याच सवलतीमुळे लिस्बनचे नाव झाले. ती २०२४ पासून नवीन माणसांसाठी बंद झाली आणि तिच्या जागी आलेली सवलत संशोधन वगैरे मोजक्या कामांसाठी आहे. जुने व्हिडिओ पाहून गेलेल्यांना हे तिथे गेल्यावर कळते. आपल्याकडे १८२ दिवसांचा नियम आहे. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा कागदपत्रे दाखवल्यावर मिळतो, आपोआप मिळत नाही. भविष्यनिर्वाह निधीसारख्या वर्गणीबाबतही भारत-पोर्तुगाल करार २०१७ पासून लागू आहे. पण तो मुख्यतः कंपनीने स्वतः पाठवलेल्या माणसाच्या कामाचा. स्वतःच्या मर्जीने गेलेल्याने आधी विचारून घ्यावे.

आणि बरेचदा गाडी अडते ती मालकाच्या पत्रावर. आपल्या कंपन्या घरून काम करू देतात, परंतु परदेशातून करू देत नाहीत. कारण कर्मचारी दुसऱ्या देशात बसला की तिथले कर खाते कंपनीलाच विचारू शकते, "तुमचे दुकान इथे आहे काय?" गिऱ्हाइकाची माहिती देशाबाहेर नेण्याचाही प्रश्न असतो. काही मुले न सांगता जातात. कॉम्प्युटर कुठून चालू आहे हे कंपनीला दिसते, आणि मग नोकरी आणि व्हिसा दोन्ही एकाच दिवशी जातात, कारण व्हिसा नोकरीवरच उभा असतो.

गोव्याच्या लोकांचे उदाहरण मुले देतात. ते वेगळे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेले लोक आणि त्यांची मुले-नातवंडे यांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवण्याचा हक्क तिथल्या कायद्याने दिला आहे. त्यांना डी-८ ची गरजच नाही. आपला जिल्हा वऱ्हाडचा, नदीपलीकडे निजामाची हद्द होती. पोर्तुगीज इकडे कधी आले नाहीत, त्यामुळे तो दरवाजा आपल्याला नाही.

एकटेपणाबद्दल दोन शब्द. बाजार करणारा कापडवाला रात्री घरी येतो. बाजारात चार माणसे ओळखीची असतात, शेजारचा भांडेवाला पाणी देतो. लॅपटॉपवाल्याच्या शेजारचा माणूस तीन महिन्यांत दुसऱ्या देशात गेलेला असतो. अविवाहित मुलाला वर्ष-दोन वर्षे हे चालेल, आणि त्यातून भाषा, शिस्त, गिऱ्हाइकाशी बोलणे बरेच शिकताही येते, ते आम्ही कमी लेखत नाही. बायको-मुले असतील तर कमाईची अटही वाढते आणि शाळेचा प्रश्न येतो.

ज्याची कमाई महिना साडेचार-पाच लाखांच्या वर आहे, गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेचे आहे, लेखी परवानगी आहे, त्याने आमच्या मते जरूर जावे. पण एजंटाला न गाठता स्वतः अर्ज भरून. त्याखालच्या माणसाला तिथे राहता येईल, शिल्लक पडणार नाही. पुण्याच्या एक लाख दहा हजारांतून आमचा भाचा महिना पंचेचाळीस हजार बाजूला टाकतो. लिस्बनला साडेतीन लाखांतून कर, वर्गणी, घरभाडे, विमा, वर्षातून एकदा येण्या-जाण्याचे तिकीट काढले, तर कागदावर त्याहून फार जास्त उरत नव्हते. हा हिशेब आम्ही तीन वेळा केला.

एजंटाला दिलेले वीस हजार बुडाले असे धरून चाललो आहोत. प्लॉट विकलेला नाही, त्याचे कागद सध्या आमच्या दुकानाच्या तिजोरीत आहेत. भाच्याने कंपनीला परदेशातून काम करण्याविषयी लेखी विचारले आहे आणि अमेरिकन गिऱ्हाईक असलेल्या दोन कंपन्यांकडे अर्जही टाकले आहेत. पहाटे साडेचारला उठण्याची सवय मात्र आतापासून लावतो म्हणतो.