एमएसचा वेग कशाने ठरतो?

गेवराई तालुक्यातल्या उमापूरला एखाद्या तिशीतल्या बाईच्या पायातली चप्पल चालता चालता निसटली आणि ते तिला चार पावलं पुढे गेल्यावर कळलं, तर घरचे काय म्हणतील? अशक्तपणा आलाय. मग सलाईन, ताकदीच्या गोळ्या. कुणी मणक्याचं निदान करील, कुणी बाहेरचं बघायला सांगेल. महिना-दीड महिन्यात पाय बराचसा सुधारतो आणि शेवटचा उपचार ज्याचा चालू होता, श्रेय त्याच्या पदरात पडतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, फसवतो तो असा. बहुतेकांत तो अटॅकच्या रूपाने सुरू होतो, आणि सुरुवातीचे अटॅक आपोआपही ओसरतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण कुरतडते. विहिरीतल्या मोटारीच्या केबलचं प्लास्टिक सोललं जावं तसं. आवरण थोडंफार भरून येतं. आतली तार तुटली तर मात्र ती जोडली जात नाही. अपंगत्व साठत जातं ते या तुटलेल्या तारांमुळे.

ते मोजायला डॉक्टर शून्य ते दहा अशी ‘ईडीएसएस’ पट्टी वापरतात. अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कर्ट्झके यांनी १९८३ मध्ये ती आजच्या रूपात मांडली. चारवर माणूस न थांबता साधारण ५०० मीटर चालतो, सहावर शंभर मीटरलाही काठी लागते. चारवरून सहावर कुणी लवकर येतो, तर कुणाला वीस वर्षांतही काठी लागत नाही. असं का?

काही गोष्टी हातात नसतात. आजार चाळिशीनंतर सुरू झाला, रुग्ण पुरुष असला, मज्जारज्जूत डाग असले, पहिल्या अटॅकनंतर सुधारणा अर्धवट राहिली किंवा पहिल्या दोन वर्षांत अटॅक वारंवार आले, तर वेग जास्त असतो. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये बारा हजारांवर रुग्णांचा जनुकीय अभ्यास आला. एक विशिष्ट जनुकीय फरक आई आणि वडील दोघांकडूनही आलेल्यांना चालायला आधार सुमारे पावणेचार वर्षं आधी लागला होता.

मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या हातातल्या गोष्टी, आणि त्या अगदी ओळखीच्या आहेत. पहिली, बिडी-सिगारेट. स्वीडनमधल्या २०१५ च्या अभ्यासात, निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवलेल्या प्रत्येक वर्षागणिक पुढच्या, सतत बिघडत जाणाऱ्या टप्प्याकडे जाण्याचा वेग सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढत होता. दुसरी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णनोंदीत निदानाच्या वेळी यातलं काही नसलेल्यांना चालायला आधार लागेपर्यंत सरासरी १८.८ वर्षं गेली, असलेल्यांना १२.८. सहा वर्षांचा हा फरक बीपीच्या साध्या गोळ्या नेमाने घेऊन किती कमी होईल, हे अजून सिद्ध व्हायचंय. तरी वाट बघत बसण्यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट उशीर. प्रभावी औषध लवकर सुरू झालेल्यांत अपंगत्व कमी साठतं, हे आता बऱ्याच देशांच्या नोंदींतून दिसलंय. उमापूरहून मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय गाठायचं म्हणजे बीड नाहीतर छत्रपती संभाजीनगर. ऊसतोडीच्या हंगामात तर घरच बिऱ्हाडासह कारखान्याच्या फडावर असतं, तपासणीची तारीख कोण सांभाळणार? त्यात हा आजार आपल्याकडचा नाही, हा जुना समज. मुंबईचे नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पारशी समाजात तो लक्षणीय असल्याचं दाखवलं. तो इतर समाजांतही सापडतो, एमआरआय वाढले तसा जास्तच. मात्र निदान नेमकं हवं. ‘एनएमओ’ हा याच्यासारखाच दिसणारा आजार आपल्याकडे आहे, आणि एमएसची काही औषधं त्यात उलट अपाय करतात. बी-१२ ची कमतरताही पायांना मुंग्या आणते.

बीडच्या मे महिन्यात पाय जास्तच जड पडले, नजर धूसर झाली, तर आजार पुढे सरकला असं लगेच धरू नये. उष्णतेने आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत. अंग थंड झालं की फरक पडतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं. ताप आणि लघवीच्या जंतुसंसर्गानेही असंच होतं.

खरी काळजी वेगळीच आहे. अलीकडच्या औषधचाचण्यांत दिसलं की साठणारं बरंचसं अपंगत्व अटॅक न येताही येतं. म्हणून वर्ष शांत गेलं, आता औषध कशाला, हा हिशेब चुकतो. ही औषधं महाग आहेत, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी रिटुक्सिमॅब घेतलं. त्याच्या भारतीय बनावटीच्या प्रती तुलनेने स्वस्त मिळतात.

१९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना मदत करते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के भरलं की सवलती मिळतात. पण त्या टक्क्यांची वाट बघू नका. एका डोळ्याची नजर दुखून अंधूक झाली किंवा पायाची बधिरता दिवसेंदिवस टिकली, तर ती ओसरल्यावरही मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. आणि घरात बिडी असेल तर ती आधी बंद करा.