फोटोत न आलेली दोरी

किस्सा १९८०च्या दशकातला आहे. जनरल मोटर्सच्या एका व्यवस्थापकाला वरून हुकूम आला: कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या कारखान्यात जा, तिथल्या इंचाइंचाचे फोटो काढ आणि आपला कारखाना हुबेहूब तसाच करून दाखव. हुकूम देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. फ्रेमाँटला काहीतरी विलक्षण घडलं होतं आणि ते त्याला स्वतःकडे हवं होतं. कारखाना एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा यंत्रं जहाजाने जातात, ड्रॉइंग आणि फायली जातात. फ्रेमाँटला जपानहून याशिवाय आणखी काहीतरी आलं होतं, आणि ते फोटोत सापडणारं नव्हतं.

फ्रेमाँटचा कारखाना मुळात जनरल मोटर्सचाच, आणि पुरता बदनाम. कुठल्याही दिवशी पाचातला एक कामगार गैरहजर. कामावर दारू, अचानक होणारे संप, तक्रारींचा डोंगर. १९८२ साली कंपनीने त्याला कुलूप लावलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या दबावाखाली जपानने तिथे होणाऱ्या आपल्या मोटारनिर्यातीवर मर्यादा घालून घेतली होती, म्हणून टोयोटाला अमेरिकेतच गाड्या बनवणं भाग होतं. अमेरिकी कामगार आपल्या पद्धतीने काम करतील का, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. जनरल मोटर्सला छोटी गाडी नफ्यात कशी बनवतात ते शिकायचं होतं. १९८३ मध्ये करार झाला आणि १९८४ च्या डिसेंबरात ‘न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग’, म्हणजेच ‘नम्मी’मधून पहिली शेव्हरोले नोव्हा बाहेर पडली.

कामगार कोण होते? बहुतेक तेच जुने. युनियनही तीच.

पहिली गाडी निघण्याआधी टोयोटाने चारशेहून जास्त टीम लीडर आणि ग्रुप लीडर तुकड्यातुकड्यांनी जपानला नेले. टोयोटा शहरातल्या ताकाओका कारखान्यात काही आठवडे ते जपानी कामगारांच्या शेजारी उभे राहून त्याच लाइनवर राबले. तिथे त्यांनी जे पाहिलं त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे दोरी.

लाइनच्या कडेने, हात वर केला की पोहोचेल अशी ती लांबलचक टांगलेली असते. बोल्ट आडवा बसला, भाग चुकीचा आला किंवा हात मागे पडला की कामगाराने ती ओढायची. धून वाजते, वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या ठाण्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचायच्या आत अडचण सुटली, तर दोरी पुन्हा ओढायची आणि काम पुढे चालू. नाही सुटली तर लाइन त्या खुणेवर थांबते. ज्या अमेरिकी कामगारांच्या आधीच्या नोकरीत लाइन थांबवणं म्हणजे गुन्हा होता, त्यांच्यासमोर एक साधा कामगार दोरी ओढत होता आणि वरचा माणूस त्याला ‘काय मदत करू?’ असं विचारत होता. परत निघताना निरोपाच्या वेळी कित्येकांचे डोळे पाणावले, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

या दोरीचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटा कंपनी ज्या घराण्यातून आली त्यातल्या साकिची टोयोडांच्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. मुंबईच्या गिरणगावाला हे नाव परकं नाही. १८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली सूतगिरणी उभारली, तिची यंत्रं प्लॅटचीच होती. त्या काळी यंत्रांमागोमाग लँकेशायरची माणसंही आणावी लागत, कारण साचा पेटीत मावतो, हात मावत नाही.

फ्रेमाँटला दोरीच्या जोडीने बरंच बदललं. जुन्या कारखान्यात कामांच्या ऐंशीच्या वर वर्गवाऱ्या होत्या, त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या उरल्या. साहेब आणि कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवू लागले. पूर्वी कामाची वेळ बाहेरचा इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन ठरवायचा. आता पाच-सहा जणांची टीम स्वतःच एकमेकांचं काम मोजायची, पद्धत लिहायची आणि सुधारायची. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली. १९८६ अखेर उत्पादकतेत हा कारखाना जनरल मोटर्सच्या सगळ्या कारखान्यांच्या पुढे गेला.

कसोटी लागली ती १९८८ साली. नोव्हाची मागणी घसरली आणि क्षमतेच्या साठ टक्क्यांइतकंही काम उरलं नाही. तरीही कुणाला घरी बसवलं नाही. जादा माणसांना प्रशिक्षण दिलं, सुधारणेच्या कामाला लावलं. माझ्या मते खरं ज्ञानांतर इथे पुरं झालं. आपण सुचवलेल्या सुधारणेने आपलीच नोकरी जाणार नाही याची खात्री पटल्याशिवाय कुणी कामातली खाचखोच उघड करत नाही.

फोटोवाल्या कारखान्यांचं काय झालं? जनरल मोटर्सने लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस कारखान्यात हीच पद्धत आणायचा प्रयत्न केला. तिथे युनियनमध्ये फूट होती आणि फोरमनना आपला अधिकार सोडवत नव्हता. शेवटी १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. उलट टोयोटाने फ्रेमाँटचा धडा घेऊन १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाऊनला स्वतःचा कारखाना सुरू केला. ‘नम्मी’तून शेवटची गाडी १ एप्रिल २०१० रोजी निघाली. तीच इमारत आज टेस्लाकडे आहे.

हे मी दुरून वाचलेलं म्हणून सांगत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात माझी बावीस वर्षं शॉप फ्लोअरवर गेली. कायझेन, पोका-योके, फाइव्ह एस हे जपानी कार्यपद्धतीतले शब्द इथल्या आयटीआयच्या पोरांच्याही तोंडी आहेत. एका कारखान्यात परदेशी भागीदाराच्या आराखड्यानुसार लाइन बसली होती. प्रत्येक ठाण्यावर पिवळं बटण होतं आणि बटणांवरच्या प्लास्टिकच्या झाकणांवर बोटभर धूळ. कारण विचारलं तेव्हा एक जुना ऑपरेटर म्हणाला, “साहेब, दाबलं की लाइन थांबते आणि मग सगळी शिफ्ट आमच्याकडे बघते.” दिवसअखेर रिवर्कचे जॉब ट्रॉली भरभरून निघायचे.

दोन वर्षांनी तिथे नवा सुपरवायझर आला. पहिल्याच दिवशी त्याने फडकं घेऊन स्वतः सगळी झाकणं पुसली. आठवडाभर कुणी बटणाला हात लावला नाही. मग दुसऱ्या शिफ्टला एका ट्रेनी मुलीने घाबरत घाबरत दाबलं, कारण बेअरिंग तिरकं बसत होतं. तो धावत आला, तिच्या शेजारी गुडघ्यावर बसून त्याने जॉब पाहिला, फिक्स्चर सैल झालेलं निघालं. ते आवळून झाल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्याने तिला ‘थँक्यू’ म्हटलं. त्या रात्री लाइन आणखी सहा वेळा थांबली.