हुर्राकाचे दिवस

एप्रिलातल्या सकाळी गोव्यातल्या पेडण्याच्या डोंगराकडे वळलं की भट्टी दिसायच्या आधी तिचा वास येतो. पिकून फुटलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, गोडसर, घशाला किंचित टोचणारा. काजूच्या झाडांखाली दोन बायका वाकून बोंडू वेचत होत्या. झाडावरचं एकही फळ तोडायचं नाही, आपोआप गळलेलंच घ्यायचं. बी तिथल्या तिथे पिळून वेगळी काढायची. बी बाजारात जाते, बोंडू भट्टीवर.

आदल्या संध्याकाळी मी आग्वादच्या किल्ल्यावर होतो. किल्ला पोर्तुगीजांचा, 1612 सालचा. लांबच्या प्रवासाची जहाजं इथे गोडं पाणी भरून घेत, किल्ल्याचं नावही पाण्यावरूनच पडलं. काजूही आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या अशाच जहाजांतून, ब्राझीलहून. गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला, त्यात काजूचं नाव नाही. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाँ द कोश्ता मात्र कोचीनला पाहिलेल्या काजूचं वर्णन करतो. ज्या झाडाशिवाय कोकण डोळ्यांपुढे येत नाही, ते इथे आलं त्याला साडेचारशेच वर्षं झाली आहेत.

पेडण्याच्या भट्टीवर, ती चालवणाऱ्या काकांनी आधी कोळंबी दाखवली. दगडातलं उथळ कुंड. त्यात बोंडू पडतात आणि पाय धुऊन माणूस वर चढतो. तुडवण्यात जोर नसतो, टाचेची लय असते. चोथ्याचा ढीग करून त्याला रानवेल गुंडाळतात आणि वर दगड ठेवतात. त्यातून जो रस आपसूक गळतो तो नीरो. सकाळी थंडगार नीरो मिळाला तर पुढची न्याहारी राहिली तरी चालेल.

तुडवलेला रस जमिनीत अर्ध्या पुरलेल्या मडक्यांत जातो. साखर नाही, यीस्ट नाही. हवेतलं आणि फळाच्या सालीवरचं जे असेल तेच दोन-तीन दिवस काम करतं. मी मडक्याशी कान नेला. आत बारीक चुरचुर चालू होती, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. ही चुरचुर मंदावली की रस भाणात, म्हणजे उकळायच्या भांड्यात, ओतायचा.

भाणाचं तोंड काकांनी वारुळाच्या मातीने लिंपलं. लिंपताना ते बोलले नाहीत, कारण एक फट राहिली तर वाफ गेली आणि वाफेबरोबर दिवसाची मेहनत गेली. खाली लाकडं, तीही बेताने. जाळ वाढला की रस उतू जातो, दारूला करपट वास लागतो. काका ज्वाळेकडे कमी आणि भाणातून निघणाऱ्या नळीच्या तोंडाकडे जास्त बघत होते. अर्ध्या तासाने पहिला थेंब पडला, मग धार लागली, सुतासारखी. हा हुर्राक, हलका, साधारण पंधरा टक्के मद्यार्काचा. हुर्राक नव्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते, बेचाळीस टक्क्यांच्या आसपासची.

कडकपणा मोजायला आता यंत्र आहे. तरी काकांनी थोडी फेणी उंचावरून पेल्यात ओतली आणि वर आलेले बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहिलं. फेणी हे नाव या फेसावरूनच आलं असं मानतात. मग त्यांनी यंत्र बुडवलं. आकडा त्यांच्या अंदाजाला जुळला. भट्टीवरची खरी विद्या ही आहे, आणि ती कुठल्याही बाटलीवर छापलेली नसते.

गोव्याच्या काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच आहे. पण तेरेखोलची खाडी ओलांडून सिंधुदुर्गात आलं की हेच बोंडू बागांतून टोपल्यांनी कुजताना दिसतात. बी विकायची आणि फळ मातीत टाकायचं, हे नुकसान मला बघवत नाही.

फेणी वर्षभर मिळते, हुर्राक नाही. तो मार्च ते मे एवढाच असतो आणि पावसाळा लागला की भट्ट्या थंड होतात. तेव्हा गोव्याला जाणार असाल तर एक सकाळ किनारा सोडून डोंगराकडे जा, आणि जाल ते एप्रिलात जा.